इक्कार: नांगरामागचा माणूस

‘इक्कार’ हा शब्द हिब्रू बायबलात सात ठिकाणी येतो. त्याचा अर्थ शेतकरी असा देतात. पण त्यात नांगर आणि बैल गृहीत आहेत, जमिनीची मालकी नाही. शब्द मूळचा हिब्रूही नव्हे. सुमेरी ‘एंगार’, त्यावरून अक्कादी ‘इक्कारु’, आणि तेथून हिब्रू ‘इक्कार’. बाबिलोनियात देवळाच्या जमिनीवर देवळाचेच औत हाकणाऱ्याला इक्कारु म्हणत.

बायबलातही तो बहुधा दुसऱ्याच्या शेतावर दिसतो. उज्जीया राजाने हौद खोदले, गुरे पाळली आणि इक्कार व द्राक्षमळेकरी कामाला ठेवले (२ इतिहास २६:१०). यशया ६१:५ मध्ये तर परके लोक तुमचे इक्कार होतील, असे आश्वासनच आहे. नगरकडचा वाचक येथे ‘सालगडी’ म्हणेल, आणि तो अर्थाच्या अधिक जवळ जाईल. काईन आणि नोहा हेही शेती करणारे, पण त्यांना हा शब्द लावलेला नाही.

यिर्मया ५१:२३ मध्ये इक्काराबरोबर त्याची बैलजोडीही येते. जोडीसाठीचा ‘सेमेद’ हाच शब्द एका जोडीने दिवसात नांगरून होणाऱ्या रानालाही चालतो (यशया ५:१०). जनावरांच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या काष्टीत हा हिशेब समजावून सांगावा लागू नये.

यिर्मया ३१:२४ मध्ये इक्कार सुखाने नांदताना दिसतो, पण संदेष्ट्यांच्या लेखनात एरवी त्याची आठवण बहुधा संकटातच निघते. पाऊस नाही, भुईला भेगा पडल्या, इक्कारांनी लाजून डोकी झाकली (यिर्मया १४:४). योएलात गहू आणि सातू बुडतात. आमोसात इक्काराला शोकासाठी बोलावतात. बायबलच्या भाषांतरकार पंडिता रमाबाईंना ही भेगाळलेली भुई पुस्तकातूनच कळायची नव्हती. काष्टीहून भीमेपलीकडे, दौंडच्या पुढे असलेल्या केडगावात त्यांनी १८९६–९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवलेल्या मुलीबायकांना आसरा दिला. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी तेथेच सगळे बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आधुनिक हिब्रूत मात्र शब्दाने कूस बदलली. १८८२ पासून पॅलेस्टाईनमध्ये वसलेल्या ज्यू वसाहतींत जमिनीचा मालक तो ‘इक्कार’ झाला, आणि त्याच्या रानात राबणाऱ्या मजुराला ‘पोएल’ म्हणू लागले.