वेग रेणूतच असतो

आजचा भाग आमेरहून. पुरंदरच्या तहामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या मिर्झाराजे जयसिंगांचा हा शीशमहाल. इथले आरसे भिंतीत पक्के बसवलेले आहेत. उजेड खेळवायचा तर दिवा हलवावा लागतो. द्रवस्फटिकाच्या पडद्यात उलटं असतं. दिवा जागेवरच राहतो आणि विजेच्या इशाऱ्यावर रेणू वळून प्रकाश सोडतात किंवा अडवतात.

१८८८ मध्ये प्रागला फ्रिडरिश रायनिट्झर यांना एक चमत्कारिक पदार्थ दिसला. १४५.५ अंश सेल्सिअसला तो वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना नितळ. एवढ्या तापमानात घड्याळ कसं चालणार? १९७३ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने साध्या खोलीत टिकणारे सायनोबायफेनिल रेणू घडवले आणि मनगटी घड्याळांचा मार्ग मोकळा झाला.

पण वेगाचा प्रश्न उरलाच. या द्रवात वीज रेणूंना वळवते. मूळ जागी मात्र ते आपल्या लवचिकतेनेच येतात. त्याला काही मिलिसेकंद लागतात. काचांमधली फट निम्मी केली तर हा वेळ चौथाईवर येतो, द्रव चिकट असेल तर वाढतो. व्होल्टेज वाढवून परतीचा प्रवास लवकर होत नाही.

उत्तर रेणूच्या घडणीत सापडलं. डाव्या-उजव्या हातांसारखी असममिती असलेले रेणू तिरक्या थरांत रचले, तर प्रत्येक थराला स्वतःचं विद्युत-ध्रुवण मिळतं, हे रॉबर्ट मेयर आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं. १९८० मध्ये नोएल क्लार्क आणि स्वेन लागरवाल यांनी असा द्रव अतिशय अरुंद फटीत भरला. आता जाताना आणि येताना, दोन्ही वेळा वीजच ढकलत होती. वेळ मायक्रोसेकंदांवर आला.

रेणूचा आकार किती काही ठरवतो, हे भारतातही सिद्ध झालं. नागपूर विद्यापीठातून १९५१ मध्ये एम.एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत सहकाऱ्यांसह चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. तोवर कांडीसारखेच रेणू हवेत, असा समज होता.

मग आपल्या टीव्हीत तो वेगवान द्रव का नाही? कारण त्याचे थर धक्क्याने किंवा दाबाने विस्कटतात. म्हणून तो कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरसारख्या चिमुकल्या पडद्यांपुरताच राहिला. आपण पडद्याचा इतिहास कंपन्यांच्या नावांनी सांगतो. माझ्या मते तो रेणू घडवणाऱ्यांच्या नावांनी सांगायला हवा. कारण वेग आणि टिकाऊपणा यांचा हिशेब अखेर त्यांनाच जुळवावा लागतो.