घेल : एका गांवाची परीक्षा

एखादें लहान गांव रुग्णांच्या, वृद्धांच्या अथवा बुद्धिभ्रंश झालेल्या माणसांच्या दीर्घकाळच्या शुश्रूषेस योग्य आहे कीं नाहीं, हें ठरविण्याची रूढ रीत सर्वांस ठाऊक आहे. वैद्य किती, खाटा किती, पाणी कसें, आगगाडी किती दूर, असे प्रश्न विचारले जातात व उत्तरें जमेस धरून निर्णय होतो. या मापानें मोजलें असतें तर बेल्जमांतील घेल हें गांव कोणाच्याहि पसंतीस उतरलें नसतें. अँटवर्प प्रांतांत, कँपेन नांवाच्या रेताड व हलक्या जमिनीच्या मुलखांत तें वसलेलें आहे. तरीहि पांच शतकांहून अधिक काळ दूरदूरच्या कुटुंबांनीं आपलीं वेडीं माणसें याच गांवीं आणून सोडलीं, आणि गांवकऱ्यांनीं तीं आपल्या घरांत ठेवून घेतलीं. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील नामांकित वैद्य या गांवाची परीक्षा घेण्यास एकामागून एक येऊन गेले. त्या परीक्षेचा इतिहास गांवाच्या इतिहासाइतकाच बोधक आहे.

घेलची ख्याति एका संतिणीच्या कथेपासून सुरू होते. डिंफ्ना ही आयर्लंडांतील राजकन्या. पत्नी वारल्यावर दुःखानें भ्रमिष्ट झालेल्या तिच्या बापाला मृत पत्नीचें रूप मुलीच्याच ठिकाणीं दिसूं लागलें, व त्यानें तिच्याशींच विवाह करण्याचा हट्ट धरला. गेरेबर्नस या वृद्ध पुरोहितास बरोबर घेऊन ती समुद्रापलीकडे पळाली. बापानें पाठलाग करून घेल येथें तिला गांठलें व स्वतःच्या हातानें तिचा शिरच्छेद केला. कथा सातव्या शतकांतील म्हणून सांगतात, पण ती लेखनिविष्ट झाली तेराव्या शतकाच्या मध्यास. मधल्या सहाशें वर्षांत तींत किती भर पडली असेल याचा विचार इतिहासकारांनीं करावा. भाविकांनीं एवढेंच ध्यानांत ठेवलें कीं, वेड्या बापापुढें जी नमली नाहीं तिची सत्ता वेडावर चालते. अंगांत वारें असलेल्या माणसाला गाणगापुरास घेऊन जाणारीं कुटुंबें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना हा भाव निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

चौदाव्या शतकाच्या मध्यास तिच्या नांवाचें मोठें चर्च बांधावयास घेतलें गेलें. पुढें त्याला लागून आजाऱ्यांसाठीं एक जागा झाली. रुग्णानें तेथें नऊ दिवस राहावें, नित्य प्रार्थना व्हावी, संतिणीच्या अस्थिपेटीखालून त्यानें रांगत जावें, असा विधि असे. नऊ दिवसांनीं जो बरा होई त्याला नातलग परत नेत. परंतु बरे न होणारेच फार, आणि जागा अपुरी. कोणाला पाळी येईपर्यंत थांबावें लागे, कोणाला विधि पुन्हां करावयाचा असे, आणि कोणाला परत न्यावें अशी नातलगांची इच्छाच नसे. अशा माणसांना आसपासच्या घरांतून ठेवण्याचा प्रघात पडला. घेलची प्रसिद्ध व्यवस्था कोणी आधीं योजून उभारलेली नाहीं. नवसाची मुदत संपली व माणूस मागें उरला, त्यांतून ती उद्भवली.

हें सारें केवळ भूतदयेनें झालें असें समजणें भाबडेपणाचें होईल. हलक्या जमिनीवर पोट भरणाऱ्या शेतकऱ्याला रोख पैसा दुर्मिळ होता, आणि हातीं एक माणूस अधिक असला तर गुरें राखावयास, लांकडें फोडावयास, मुलें सांभाळावयास त्याचा उपयोग होता. अशा माणसाला तेथें रूढ झालेला शब्द आहे कोस्टगांगर; म्हणजे पैसे भरून घरांत जेवणारा-राहणारा. शब्द व्यवहारी आहे. त्यांत दयेचा लवलेश नाहीं, तसा तिरस्काराचाहि नाहीं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख फ्रेंचांच्या अमलाखालीं आला. त्यांच्या राज्यांत नवसाला मान नव्हता. पण १८०३ सालीं ब्रुसेल्सच्या फ्रेंच प्रीफेक्टानें, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यानें, शहरांतील दाटी झालेल्या इस्पितळांतून वेड्यांना घेल येथें हलविलें. संतिणीवर विश्वास नसलेल्या सरकारनें तिच्याच गांवावर विश्वास टाकावा, यांतील विनोद त्या काळीं फारसा कोणाच्या ध्यानीं आलेला दिसत नाहीं.

यानंतर परीक्षक येऊं लागले. पॅरिसचे डॉ. एस्किरोल हे त्या काळचे अग्रगण्य मनोवैद्य. ते १८२१ सालीं घेल येथें आले. रस्त्यांतून व शेतांतून मोकळेपणानें फिरणारे वेडे त्यांनीं पाहिले, तशा पळून जाऊं पाहणाऱ्यांच्या पायांतील बेड्याहि पाहिल्या. गेंट येथील डॉ. गिस्लें यांना तर हा सारा प्रकार मध्ययुगाचा अवशेष वाटला. उत्तम इमारत, तज्ज्ञ वैद्य व शिस्तीची दिनचर्या यांवांचून उपचार नाहीं, असें त्यांचें मत होतें, आणि आपल्या देशांतील वेड्यांच्या कोठड्यांचे हाल ज्यांनीं पाहिले होते त्यांचें तें मत पोकळ नव्हतें. उलट १८४० नंतरच्या दशकांत आलेल्या मोरो द तूर या फ्रेंच वैद्यानें याच गांवाची मनापासून स्तुति केली. एकाला बेड्या दिसल्या, दुसऱ्याला मोकळें रान दिसलें. दोन्हीं तेथें होतीं.

१८५० सालच्या कायद्यानें बेल्जमांतील वेड्यांच्या संस्था सरकारी देखरेखीखालीं आल्या. घेलची मोडतोड न करतां त्याच्यासाठीं निराळे नियम केले गेले, हें त्या सरकारचें शहाणपण म्हटलें पाहिजे. पहिले वैद्यकीय निरीक्षक डॉ. पारिगो यांनीं मोकळी हवा व कुटुंबांतील जीवन हेंच येथील औषध, असा पुकारा केला. गांवाचे विभाग पाडून प्रत्येकावर वैद्य व पहारेकरी नेमले गेले. जे सतत बांधून ठेवावे लागतात, जे आत्मघातास वा परघातास प्रवृत्त होतात, जे आग लावतात, त्यांना घेल येथें पाठवूं नये असें ठरलें. १८६२ सालीं रुग्णालय उभें राहिलें. नवीन आलेला रुग्ण प्रथम तेथें राहावा व त्याचा स्वभाव पाहून त्याला घर निवडून द्यावें, अशी रीत पडली. बेड्या हळूहळू नाहींशा झाल्या. १८८० सालीं हॉलंडांतील एका पाद्र्यानें आपल्या विक्षिप्त वाटणाऱ्या मुलास घेल येथें ठेवण्याचा विचार केला होता. मुलानें तो बेत मानला नाहीं. त्या मुलाचें नांव व्हिन्सेंट व्हान गो.

व्यवस्था एवढी नांवाजली गेल्यावर तिची नक्कल होणें ओघानेंच आलें. पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळांत जागा उरली नव्हती. त्यांतील कित्येक स्त्रिया तर निरुपद्रवी, केवळ म्हातारपणामुळें भ्रमलेल्या अशा होत्या. त्यांच्यासाठीं मध्य फ्रान्समधील द्युं-सुर-ओरों हें लहान गांव निवडण्यांत आलें व १८९२ सालीं डॉ. ऑग्युस्त मारी यांच्या देखरेखीखालीं तेथील शेतकरी कुटुंबांत त्या म्हाताऱ्यांची सोय झाली. पुढें पुरुषांसाठीं तशीच वसाहत जवळच्या एने-ल-शातो येथें निघाली. वैद्य होते, नियम होते, घरांची तपासणी होती, दरमहा पैसे मिळत होते. घेल येथें जें जें कागदावर उतरण्यासारखें होतें तें सारें तेथें नेलें गेलें.

एने-ल-शातो येथें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत डनीज जोदले या विदुषीनें बारकाईनें संशोधन केलें; तें १९८९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. तिला आढळलें कीं वेड संसर्गजन्य नाहीं हें तोंडानें कबूल करणारीं घरेंहि रुग्णाचीं भांडीं घरच्या भांड्यांपासून निराळीं घाशीत व त्याचे कपडे निराळे धूत. कोणाच्या ताटास कोणाचें ताट लागावें याचे हिशेब ज्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या चालले, तेथील वाचकाला या गोष्टीचा अर्थ तत्काळ कळेल. घेलच्या बेड्या हुकुमानें निघाल्या. एने-ल-शातोच्या निराळ्या बश्या कोणाच्या हुकुमानें मांडलेल्या नव्हत्या, म्हणून त्या हुकुमानें निघण्यासारख्याहि नव्हत्या. आणि परीक्षकांच्या तक्त्यांत त्यांच्यासाठीं रकानाच नव्हता.

घेल येथें ताट एकच होतें असें नाहीं. तेथेंहि कंजूष व कठोर यजमान होऊन गेले. परंतु तेथील मूल जन्मतांच घरांत कोस्टगांगर पाही, त्याच्या खांद्यावर बसून शेतांत जाई, आणि मोठेपणीं आईबापांमागें त्याला जमिनीबरोबर वारशानें सांभाळी. एकाच कुटुंबांत पन्नास पन्नास वर्षें राहून, यजमानाच्या मुलीच्या घरीं म्हातारपण काढणारे लोक तेथें आढळत.

१९३८ च्या सुमारास गांवांत अशा माणसांची संख्या ३,५०० च्या वर होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती ओसरत गेली. नवीं औषधें आलीं, शेती मागें पडून कारखाने आले, स्त्रिया नोकरीस जाऊं लागल्या, आणि दिवसभर दार उघडें असणारें घर दुर्मिळ झालें. २०२३ सालीं युनेस्कोनें या प्रथेची वारसा-जतनाच्या उत्तम उदाहरणांत नोंद केली. त्या वेळीं हजारांचा आंकडा फारच खालीं येऊन ठेपला होता, आणि नवीन यजमान-कुटुंबें मिळविण्यासाठीं घेलच्या रुग्णालयाला खटपट करावी लागत होती.