उन्हाळी कँप: खेळ कुणाचा, नाव कुणाचं?

अमेरिकेत बर्फ पुरतं वितळायच्या आधीच आईबापांची धावपळ सुरू होते: यंदा मुलांना कुठल्या कँपला घालायचं? शाळेला दोन-अडीच महिने सुट्टी, आईबाप दोघंही नोकरीवर, आणि इथे ना आजोळ ना शेजारच्या काकू. मग सकाळी डबा देऊन डे कँपला सोडायचं आणि संध्याकाळी मातीने माखलेलं पोर घरी आणायचं. दिवसभर झाडावर चढणं, लुटुपुटूच्या लढाया, मधूनच ओढ्याकाठचा कचरा उचलणं. आपल्याकडे जे सुट्टीत फुकट घडायचं, त्याला इथे भरभक्कम फी! म्हटलं, याचं मूळ तरी बघू.

पहिलं नाव निघालं फ्रेडरिक गन या कनेक्टिकटमधल्या हेडमास्तरांचं. १८६१ साली यादवी युद्ध पेटलं आणि मुलांना सैनिक व्हायची हौस आली. गन मास्तरांनी त्यांना चालवत थेट मिल्फर्डच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं आणि तंबूत ठेवलं.

१८७७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या शर्मन गावचे पाद्री विलर्ड पार्सन्स यांनी न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींतली गरीब मुलं गावकऱ्यांच्या घरी हवापालटाला आणली. त्यातूनच पुढे 'फ्रेश एअर फंड' उभा राहिला.

अर्नेस्ट बाल्चला मात्र काळजी होती श्रीमंतांच्या पोरांची. हॉटेलांत लोळून ती बिघडतायत असं त्याचं मत. १८८१ मध्ये न्यू हॅम्पशरच्या स्क्वाम तळ्यातल्या एका बेटावर त्याने कँप काढला. तिथे नोकर नाहीत; स्वयंपाक आणि भांडी मुलांनीच करायची.

इथवर सगळं छान. पण कल्पनेच्या खेळात मुलं कोण बनत? बहुतेकदा 'इंडियन'! म्हणजे इथले मूळ रहिवासी. १९१० साली स्थापन झालेल्या 'कँप फायर गर्ल्स'च्या मुली त्यांच्यासारखे पोशाख घालत. त्यांचा परवलीचा शब्द 'वोहेलो' ऐकायला आदिवासी वाटतो, पण तो वर्क, हेल्थ, लव्ह यांची पहिली अक्षरं जोडून बनवलेला!

आणि त्याच काळात खऱ्या आदिवासी मुलांचं काय चाललं होतं? १८७९ मध्ये उघडलेल्या कार्लाइलच्या निवासी शाळेत त्यांचे केस कापत, मातृभाषा बोलायला बंदी करत. एकीकडे गोऱ्या मुलांनी हौसेने पिसं खोवायची, दुसरीकडे ज्यांची ती पिसं त्यांच्याकडून ती काढून घ्यायची.

माझी मुलगी सात वर्षांची असताना तिच्या कँपमध्ये मुलांच्या 'टोळ्या' पाडल्या होत्या. तिने घरी विचारलं, "बाबा, मी खरी इंडियन की खोटी?" कोलंबसाच्या चुकीचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नात होता. मी तिला नकाशा काढून दाखवला, आणि कार्लाइलबद्दलही, झेपेल तेवढं, सांगितलं.

अलीकडे बऱ्याच कँपांनी अशी नावं आणि सोंगं सोडली आहेत, ते बरंच झालं. त्याने मुलांचा खेळ काही कमी झाला नाही. झाडावर चढायला कुणाची पिसं लागत नाहीत. माझ्या मते बाल्चची भांडी घासायची शिस्त तेवढी जपावी. आपलं खरकटं आपण काढायचं आणि गावचा ओढा आपण साफ करायचा, समाजसेवा म्हणतात ती याहून फार वेगळी नाही.