बटणं गेली आणि अक्षरं आली



या पानावर आपण वाडे, देवळं, गणेशोत्सव, जुन्या शाळा यांच्या आठवणी लिहितो. आज जरा वेगळा विषय घेतोय. मोबाईलवरची बटणं कशी आली आणि कशी गेली, त्याचा इतिहास. तुम्ही म्हणाल, याचा बडोद्याच्या मराठी घरांशी काय संबंध? आहे, आणि चांगला जवळचा आहे. मी काही तंत्रज्ञ नाही. बी.कॉम. आणि त्यानंतर सगळी नोकरी बँकेत. तेव्हा जमा आणि खर्च दोन्ही बाजू मांडून सांगतो.

सुरुवात टंकयंत्रापासून करावी लागते. इंग्रजी अक्षरांची जी रचना आज आपण पाहतो, ती अमेरिकेत ख्रिस्तोफर शोल्स यांच्या यंत्रावर ठरली आणि रेमिंग्टन कंपनीनं १८७३-७४ च्या सुमारास ते यंत्र बाजारात आणलं. पहिल्या ओळीतल्या पहिल्या सहा अक्षरांवरून तिला क्वर्टी म्हणतात. यंत्रं बदलली, पण रचना तीच राहिली. टंकयंत्रावरून ती संगणकावर आली आणि संगणकावरून खिशातल्या फोनवर.

खिशात ती आणण्याचं मोठं श्रेय कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या रिसर्च इन मोशन या कंपनीला जातं. माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोघांनी ती १९८४ मध्ये सुरू केली. १९९६ मध्ये त्यांनी छोट्या कीबोर्डचा, दोन्ही बाजूंनी निरोप पाठवता येणारा पेजर काढला. १९९९ मध्ये ‘ब्लॅकबेरी’ नावाचं पहिलं यंत्र आलं. गंमत म्हणजे त्यावरून फोन करता येत नव्हता, फक्त ईमेल. बोलता येणारी ब्लॅकबेरी २००२ मध्ये आली.

त्यांची युक्ती साधी होती. एवढ्याशा यंत्रावर दहा बोटं बसणार नाहीत, पण दोन अंगठे बसतात. म्हणून बटणं अंगठ्यांच्या बेतानं घडवली, थोडी तिरकी, थोडी फुगीर. सवय झालेला माणूस खाली न बघता, मिटिंगमध्ये टेबलाखाली हात ठेवून अख्खं पत्र लिहायचा. लोकांना तिचं इतकं वेड लागलं की ‘क्रॅकबेरी’ असं व्यसनी नाव पडलं, आणि वेबस्टर्स न्यू वर्ल्ड या शब्दकोशानं २००६ साली तोच वर्षाचा शब्द ठरवला.

भारतात ब्लॅकबेरी २००४ मध्ये एअरटेलमार्फत आली. सुरुवातीला ती साहेबलोकांच्या हातात दिसे. आमच्याकडेही वरच्या कार्यालयातून कोणी साहेब तपासणीला आले, की टेबलावर आधी ती ठेवली जायची, मग चष्म्याचं घर. पुढे स्वस्त मॉडेलं आली आणि कॉलेजची मुलंसुद्धा वापरायला लागली. व्होडाफोनची ‘ब्लॅकबेरी बॉईज’ ही जाहिरात आठवत असेल, २०१० ची. नोकियाचा ई-७१, सी-३, मायक्रोमॅक्सचे क्यू मालिकेतले फोन, असे बटणवाले कितीतरी फोन त्या दोन-तीन वर्षांत आपल्या बाजारात होते. त्याच २०१० मध्ये ब्लॅकबेरीवरचे गुप्त निरोप सरकारला तपासता आले पाहिजेत, यावरून दिल्लीत आणि कंपनीत मोठी ओढाताणही झाली. इतका तिचा दबदबा होता.

पण ती भरती होती आणि ओहोटी आधीच सुरू झाली होती. ९ जानेवारी २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला. त्या भाषणात त्यांनी चार नामांकित बटणवाले फोन पडद्यावर आणले आणि एकच मुद्दा मांडला. बटणं प्लास्टिकची आहेत, एकदा बनवली की बनवली. हवी असोत वा नसोत, ती जागेवरून हलत नाहीत. उद्या एखादी नवी सोय सुचली, तर विकलेल्या फोनवर नवं बटण कुठून लावणार?

काचेवर टाईप करणं तेव्हा कुणाला जमेल असं वाटत नव्हतं. बोट जाड, अक्षर बारीक. ॲपलमध्ये हे काम केन कोसिएन्डा या अभियंत्यानं केलं. त्यातली खुबी मला फार आवडली. काचेवर सगळी अक्षरं सारख्या आकाराची दिसतात, पण पुढचं अक्षर कोणतं येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज घेऊन त्या अक्षराची न दिसणारी हद्द यंत्र गुपचूप वाढवतं. बोट थोडं चुकलं तरी नेमकं अक्षर उमटतं. वर चुकलेला शब्द दुरुस्त करायचीही व्यवस्था. थोडक्यात, अंगठ्याचा नेम लागत नाही, ती उणीव शब्दकोशानं भरून काढली.

तरी बटणं एका दिवसात गेली नाहीत. ऑक्टोबर २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला, त्याला बाजूला सरकणारा कीबोर्ड होता. काचेवरचा कीबोर्ड त्यात नव्हताच, तो एप्रिल २००९ च्या आवृत्तीत आला. ब्लॅकबेरीनंही २००८ मध्ये दाबली जाणारी काच करून पाहिली, ती लोकांना रुचली नाही. अमेरिकेत २०१० च्या सुरुवातीला दर दहा स्मार्टफोनांतले साधारण चार ब्लॅकबेरी होते. जगभरात २०१२ मध्ये तिचे सुमारे ८ कोटी ग्राहक होते. मग उतार लागला तो लागलाच. २०१६ मध्ये कंपनीनं स्वतः फोन बनवणं थांबवलं. काही वर्षं टीसीएल या चिनी कंपनीनं त्या नावानं बटणवाले फोन काढले, २०२० मध्ये तेही आटोपलं. ४ जानेवारी २०२२ ला जुन्या ब्लॅकबेरींची सेवा बंद झाली.

याची कारणं लोक सांगतात ती खरीच आहेत. बटणांनी फोनची निम्मी छाती व्यापलेली, त्यामुळे पडदा लहान. व्हिडिओ, नकाशे, फोटो आल्यावर लोकांना पडदा मोठा हवा झाला. पण कॉमर्सच्या माणसाला आणखी एक कारण दिसतं, आणि ते म्हणजे शिल्लक माल. फ्रान्समध्ये अक्षरांची रचना वेगळी, जर्मनीत वेगळी, रशियात लिपीच वेगळी, अरबांची आणखी वेगळी. बटणांचा फोन विकायचा तर प्रत्येक बाजारासाठी वेगळी बटणं छापा, वेगळा साठा ठेवा. एकीकडे माल पडून राहायचा आणि दुसरीकडे तुटवडा. काचेच्या फोनला हा प्रश्नच नाही. एकच माल जगभर पाठवा, अक्षरं आतून बदला.

आता आपल्याकडे वळू. प्रत्येक भाषेसाठी वेगळी बटणं छापायची म्हटल्यावर मराठीसाठी कोण छापणार होतं?

ब्लॅकबेरीवर पस्तीस बटणं, सगळी इंग्रजी. आपल्याकडे व्यंजनं, स्वर, काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षरं, रफार. त्या पस्तीसांत हे बसणार कसं? साध्या फोनांपैकी काहींच्या बटणांवर देवनागरी अक्षरं छापलेली असायची, पण एका बटणावर चार-पाच अक्षरं. चौथं हवं असेल तर चारदा दाबा. ‘श्रीकृष्ण’ लिहीपर्यंत चहा गार.

त्यात पैशाचाही हिशेब होता. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावत. तोच निरोप देवनागरीत लिहिला की मर्यादा ७० वर यायची, आणि त्यात काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जायच्या. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला एका निरोपाला दोन-तीन निरोपांचे पैसे. मग लोकांनी काय केलं? रोमन अक्षरांत मराठी लिहायला सुरुवात केली.

महाराष्ट्रात त्याचं फारसं बिघडलं नसेल. तिथे दुकानाच्या पाटीवर, एसटीवर, वर्तमानपत्रात मराठी डोळ्यांसमोर असते. आपल्यासारख्या घरांचं तसं नाही. आमच्या दांडिया बाजारात घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. मराठी अक्षर डोळ्यांसमोर येणार ते देवघरातल्या पोथीत, नाहीतर नातेवाइकांच्या पत्रात. पत्रं थांबली आणि त्यांची जागा रोमन निरोपांनी घेतली. के-ए-एल एवढं लिहिलं की ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’ आणि ‘कल’ सगळं एकच. ‘मला पण’ आणि ‘मला पान’ यांतला फरक संदर्भानं ओळखायचा. ळ आणि ल, ण आणि न यांचा भेद कागदावरून गेला, आणि पुढे काही मुलांच्या तोंडूनही जायला लागला. एक पिढी मराठी बोलते, पण वाचत नाही, असं आपल्या किती घरांत झालंय ते तुम्हीच बघा.

हे आपल्याकडे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. गायकवाडी दफ्तरात मोडी होती. आपल्या पणजोबांचे हिशेब, खतं, पत्रं मोडीत आहेत. मोडी म्हणजे हात न उचलता झरझर लिहायची लिपी. मोडीचे खिळे कोणी पाडलेच नाहीत असं नाही, पण छापील पुस्तक, शाळेचं पाठ्यपुस्तक आणि टंकयंत्र सगळं बाळबोधीचं झालं. मोडी शाळेतून गेली, आणि आज ट्रंकेतली ती कागदपत्रं आपल्यातल्या बहुतेकांना वाचता येत नाहीत. कागद घरचे, नावं घरची, आणि वाचून घ्यायला जाणकार शोधायचा. समोर जे यंत्र येतं, त्यावर जी अक्षरं असतात, तीच लिपी हातात राहते. रोमन निरोपांच्या काळात बाळबोधीचंही तसंच होऊ घातलं होतं.

काचेनं ते थोपवलं. एकट्या काचेनं नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. १९८६ मध्ये सरकारनं भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही रचना ठरवली होती. तिच्यात मराठीचा क आणि गुजरातीचा ક एकाच बटणावर. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पाया तयार होता, पण फोनवर चढायला जागा नव्हती. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर मराठी निरोप आला की नुसते चौकोनी डबे दिसत. नंतर फोनमध्ये देवनागरी नीट दिसू लागली, व्हॉट्सॲपमुळे ७० अक्षरांचा जाच संपला, आणि काचेवर हवी ती अक्षरं मांडायची मुभा होतीच. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी ‘स्वरचक्र’ काढलं. क वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु, कू यांचं चक्र उमटतं, बोट सरकवून हवं ते घ्यायचं. आपली बाराखडीच ती! अशी गोष्ट प्लास्टिकच्या बटणांवर करून दाखवा बरं. २०१७ पासून गुगलच्या कीबोर्डवर रोमनमध्ये लिहिलेलं आपोआप देवनागरीत उमटायची सोयही आली. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं मानकच ठरवून दिलं, की फोनवर सगळ्या २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे.

बँकवाल्याला पटेल असा एक पुरावा देतो. १५ जुलै २०१० ला सरकारनं रुपयाचं नवं चिन्ह, ₹, स्वीकारलं. त्याच वर्षी ते युनिकोडमध्येही आलं. पण तोवर विकलेल्या लाखो कीबोर्डांवर त्याला जागा कुठली? काचेच्या फोनवर मात्र एका अपडेटनं ते येऊन बसलं. स्वतःच्या देशाचं नाणं लिहायला नवं यंत्र घ्यावं लागलं नाही. जॉब्स यांचा मुद्दा मला त्या दिवशी नीट कळला.

आता खर्चाची बाजू. बटणांवर बोटांना डोळे असतात. पाचाच्या बटणावरचा तो बारीक ठिपका आठवतो? त्याच्या आधारानं अंध माणूस, कापऱ्या हाताचा म्हातारा, अंधारात चाचपडणारा कोणीही नंबर लावू शकत असे. काचेवर हा आधार नाही. फोन आता बोलून दाखवतो, मोठी अक्षरं करतो, पण बोटांना जी खात्री मिळत असे ती वेगळी. आमच्या वयाच्या कित्येकांनी फोन वापरणंच कमी केलं, ते या काचेमुळे. हे नुकसान खरं आहे, आणि त्याची भरपाई अजून पुरती झालेली नाही.

तरीही ताळेबंद मांडला तर आपल्यासारख्या घरांना काच फायद्याची ठरली, असं माझं मत आहे. माझ्या फोनवर आज एका खुणेनं मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही कीबोर्ड येतात. २०१४ मध्ये युनिकोडनं मोडीलाही जागा दिली आहे.

फक्त एक धास्ती आहे. नातवंडं आता टाईपही करत नाहीत, फोनशी बोलतात, नाहीतर आवाजाचा निरोप पाठवतात. त्यात मराठी ऐकू येते, दिसत नाही. बटणांच्या काळात आपल्याला म्हणता येत होतं, की यंत्रावर आपली अक्षरंच नाहीत. आता अक्षरं आहेत, फुकट आहेत, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडायला दोन मिनिटं पुरतात. सबब उरलेली नाही.

म्हणून विनंती. या रविवारी घरातल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर मराठी कीबोर्ड सुरू करून द्या, आणि आजीला एक ओळ देवनागरीत लिहायला सांगा. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनी आपापल्या घरी काय चित्र आहे तेही खाली लिहावं. शक्यतो मराठी अक्षरांत.

— एक निवृत्त बँकवाला, बडोदे