उल्ब, म्यान आणि तुतारी

‘पिशवीचा कॅन्सर’ हे नाव मराठीत फार ऐसपैस झाले आहे. गर्भाशयमुखाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा, अंडाशयाचा, सगळे त्या एका पिशवीत जातात. बाह्यांगाचा, योनिमार्गाचा, बीजवाहिनीचा किंवा वारेचाही कॅन्सर असतो, हे मात्र अनेकींच्या कानावरही आलेले नसते. विरळा रोगाला बोलीत नाव नसावे हे समजू शकते. पण अवयवालाही नसावे? तिथे आपण नुसते ‘अंग’ म्हणून मोकळे होतो. अंग बाहेर येते, अंगावर पांढरे जाते, अंगावरून जाते. त्यातल्या त्यात नेमका शब्द ‘मायांग’. माय आणि अंग यांचा तो जोड असावा.

डॉक्टर बाह्यांगाला ‘व्हल्वा’ म्हणतात. लॅटिनमधले जुने रूप ‘वोल्वा’. अर्थ वेष्टन, आणि गर्भाशयही. कोशकारांनी त्याचे नाते संस्कृत ‘उल्बा’शी जोडले आहे. उल्ब म्हणजे गर्भाभोवतीचे आवरण. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तो भेटतो, आणि छांदोग्य उपनिषदात तर फारच थाटात: आदिम अंडे फुटले, तेव्हा त्याच्या जरायूचे पर्वत झाले आणि उल्बाचे मेघ व धुके. गाय व्याल्यावर गोठ्यात ‘जार पडला का?’ असे विचारतात, तो जार या जरायूचाच वंशज दिसतो. उल्बाला मात्र मराठीत वारस उरलेला दिसत नाही.

‘व्हजायना’ची गोष्ट सरळ आहे. लॅटिनमध्ये तो शब्द तलवारीच्या म्यानाचा. स्पॅनिशात त्याचा ‘वाइना’, म्हणजे शेंग, झाला आणि त्या शेंगेच्या लाडक्या रूपातून ‘व्हॅनिला’ आला. आइस्क्रीम खाताना हे आठवू नये हेच बरे. आपले ‘म्यान’ फारसी ‘मियान’वरून आले असावे. मियान म्हणजे मध्य, कंबर. ‘दरम्यान’मध्येही तोच बसला आहे. लॅटिन शब्द सैनिकी, पुरुषी नजरेचा. संस्कृत ‘योनि’ त्याहून उदार: घर, उगम, जन्मस्थान.

बीजवाहिनीचे गाऱ्हाणे वेगळेच. पादुआचा शरीरशास्त्रज्ञ फालोपियो याने 1561 साली तिचे वर्णन केले आणि टोकाशी फुललेल्या तिच्या आकारावरून तिला ‘टूबा’ म्हटले. टूबा म्हणजे रोमन तुतारी. पुढे इंग्रजीने तिची ‘ट्यूब’ केली, आपण त्यावरून नळी केली आणि तुतारी हरवली. ग्रीक ‘साल्पिंक्स’ म्हणजेही तुतारीच. नळी काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या नावात ती अजून वाजते. गंमत अशी, की अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बरेच कॅन्सर तुतारीच्या त्या फुललेल्या टोकाशीच सुरू होत असावेत, असे आता मानतात. 2014 साली अंडाशय आणि बीजवाहिनी या दोन्हींच्या कॅन्सरच्या टप्प्यांची मांडणीही एकत्र केली गेली.

‘कर्करोगा’तला कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक ‘कार्किनोस’, लॅटिन ‘कान्केर’, अरबीतून फारसीत गेलेला ‘सरतान’, सगळे खेकडेच. आपला शब्द हे अलीकडचे भाषांतर दिसते. सुश्रुताचा शब्द ‘अर्बुद’. त्याचे ‘मांसार्बुद’ आणि ग्रीक ‘सार्कोमा’, दोन्हींत मांसच आहे. गर्भाशयाच्या स्नायूत क्वचित होणारा सार्कोमा वैद्याला नाव ऐकूनच निम्मा कळला असता. पण अर्बुदाचा दुसरा अर्थ अधिक विलक्षण. पाली ग्रंथांत गर्भाच्या अवस्था येतात त्या कलल, अब्बुद, पेसी, घन अशा. म्हणजे गाठ आणि गर्भ एकाच शब्दात. वारेच्या कॅन्सरात, म्हणजे कोरिओकार्सिनोमात, नेमके हेच घडते: वार जिच्यापासून बनते त्या पेशीच कॅन्सर होतात, कधी द्राक्षगर्भानंतर, कधी गर्भपातानंतर, क्वचित सुखरूप बाळंतपणानंतरही. नाव भयंकर असले, तरी तो पसरल्यावरही औषधांनी बरा होऊ शकतो. 1956 साली अमेरिकेत ली आणि हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेटने ते दाखवले. या औषधामागे आंध्रात जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचेही काम होते.

तेव्हा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसले, किंवा बाहेरच्या अंगाची खाज, चट्टा, गाठ काही आठवडे जाईना, तर डॉक्टरांकडे जाऊन ‘पिशवीचं काहीतरी’ म्हणून थांबू नका. जागा सांगा, शब्द सुचला नाही, तर बोटाने दाखवा.