अटाकामाचा किनारा : एका थंड पाण्याचे दोन परिणाम

उत्तर चिलीतील अरिका शहर पॅसिफिकच्या काठावरच आहे, तरी तिथे वर्षाला सरासरी १ मिलीमीटरही पाऊस पडत नाही. समोरच्या समुद्रात मात्र माशांची रेलचेल आहे. उजाड जमीन आणि भरलेला समुद्र यांचा उगम एकच आहे.

भूरचना : नाझका भूपट्ट दक्षिण अमेरिकन भूपट्टाखाली सरकतो. त्यामुळे किनाऱ्यालगत सुमारे ८,००० मीटर खोल गर्ता, तर पूर्वेला ६,००० मीटरहून उंच शिखरांचा अँडीज उभा आहे. ॲमेझॉनकडचे बाष्प हा पर्वत अडवतो. पश्चिमेची वाट मोकळी आहे. तिथे पाऊस समुद्रच रोखतो.

समुद्र : दक्षिणेकडून येणारा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात पाणी डावीकडे वळते, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर जाते. त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते आणि नायट्रेट, फॉस्फेट घेऊन येते. त्यावर प्लवक पोसतात, प्लवकांवर आंचोव्हेटा मासे, माशांवर पाणकावळे. पेरूच्या बेटांवर या पक्ष्यांच्या विष्ठेचे, ग्वानोचे, थरच्या थर साचले. धुऊन न्यायला पाऊस नव्हता, म्हणूनच एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शेतांना हे खत मिळाले.

हवा : थंड पाण्याला टेकलेली हवा गार होते, तिच्या वर उबदार, कोरडी हवा झाकणासारखी बसते. तापमानाच्या या विपरीततेमुळे ढग उंच चढत नाहीत, पाऊस पडत नाही आणि 'कामांचाका' नावाचे दाट धुके डोंगरउतारांना भिडते. अटाकामा वाळवंटाच्या दक्षिणेला एल तोफोच्या डोंगरावर लोकांनी खांबांमध्ये जाळ्या ताणल्या. धुक्यातले सूक्ष्म कण धाग्याला चिकटत, एकमेकांत मिसळून थेंब होत आणि खालच्या पन्हळीत ओघळत. हे पाणी १९९२ मध्ये नळाने चुंगुंगो या मच्छीमार गावात पोहोचले.

पडताळा : एल निनोच्या काळात पेरूच्या किनाऱ्याला उबदार पाणी येते. तेव्हा आंचोव्हेटा घटतो आणि उत्तर पेरूच्या वाळवंटात मुसळधार पाऊस कोसळतो. १९९८ मध्ये तिथल्या सेचुरा वाळवंटाच्या वाळूत प्रचंड सरोवर साचले होते. पाणी तापताच समुद्र ओस पडतो आणि जमीन भिजते. म्हणून या किनाऱ्याचा दुष्काळ आणि त्याची सुबत्ता वेगवेगळी मांडता येत नाहीत. दोन्ही त्या थंड पाण्याच्याच हाती आहेत.