मोटारीचे कस्टम रंगकाम : नागपूरच्या हवेतील टिकाव

कारखान्यातून आलेला रंग बदलून किंवा त्यावर गाडीमालकाच्या आवडीप्रमाणे चढवलेल्या लेपांना कस्टम रंगकाम म्हणतात. चंदेरी अस्तरावर पारदर्शक छटा देणारा कँडी, अभ्रककणांचा पर्ल, चमक घालवलेला मॅट, एअरब्रशने काढलेली चित्रे हे त्यातले नेहमीचे प्रकार. व्हायनिलचा रॅप हा काही रंग नव्हे. पण त्याला भोगावे लागते तेच, म्हणून त्याचाही विचार येथे केला आहे. नागपुरात असे काम लवकर विटते आणि त्याचे खापर सरसकट उन्हाळ्याच्या पाऱ्यावर फोडले जाते. हे निदान अपुरे आहे. रंगाचा घात करतात ते उन्हातले अतिनील किरण आणि त्यांच्यामागून येणारा ओलावा. आणि त्यांच्यापुढे रंग किती वर्षे टिकणार हे बहुतांशी वरच्या क्लिअरच्या, म्हणजे पारदर्शक लेपाच्या, थराची जाडी ठरवते.

पाऱ्याचा दावा आधी तपासू. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. (मे २०२४ मधला ५६ अंशांचा गाजलेला आकडा स्वयंचलित केंद्रातल्या संवेदकाच्या बिघाडाचा होता, तो या चर्चेत आणू नये.) भर उन्हात काळ्या गाडीचा टप ७० अंशांच्या पुढे जातो हे खरे. पण कारखान्यातला रंग सुमारे १४० अंशांवर भाजलेला असतो आणि चांगल्या बूथमध्ये नव्याने मारलेला रंगही ६० अंशांच्या आसपास वाळवतात. निव्वळ उष्णतेने रंग मरत असता, तर इंजिनाची धग सोसणारी बोनेटची आतली बाजू सर्वांत आधी विटली असती. घडते उलटेच. आतला रंग शाबूत राहतो आणि बाहेरचा पांढुरका पडतो. दाराच्या चौकटीच्या आतल्या कडा वर्षानुवर्षे मूळ छटा धरून असतात, तर त्याच गाडीचा टप, बोनेट आणि डिकीचे झाकण पोपडे धरू लागते. रंग एक, वय एक. फरक फक्त अंगावर घेतलेल्या उन्हाचा. उष्णता निर्दोष नाही. किरणांनी सुरू केलेली रासायनिक झीज ती वेगवान करते. पण मूळ कारण ती नव्हे.

नागपूरचे स्थान या कामी प्रतिकूल आहे. शहर सुमारे २१.१५ उत्तर अक्षांशावर असल्याने २६ मेच्या सुमारास, म्हणजे मेअखेरच्या नऊ तप्त दिवसांच्या ऐन नवतप्यात, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आकाश निरभ्र आणि आडव्या पत्र्यावर किरण सरळ. क्लिअरमधली राळ याच काळात ठिसूळ होते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. मग जूनच्या मध्यापासून चार महिन्यांत वर्षभरातला बहुतेक पाऊस, सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक, पडून जातो. पाणी भेगांतून आणि कडांवरून आत शिरते, थरांमधली पकड सुटते. पोपडे दिसतात ऑगस्टमध्ये, म्हणून दोष पावसाला मिळतो. प्रत्यक्षात दार मे महिन्यानेच उघडून ठेवलेले असते. हिवाळ्यात रात्रभर बसणारे दव हा ओलाव्याचा दुसरा, दुर्लक्षित मार्ग. जगभरचे रंग-उत्पादक आपले नमुने कोरड्या अ‍ॅरिझोनात आणि दमट फ्लोरिडात असे दोन्हीकडे उघड्यावर ठेवून पाहतात. नागपूर पहिल्याचा उन्हाळा आणि दुसऱ्याचा पावसाळा एकाच वर्षात देते.

क्लिअरमध्ये किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि त्यांचा परिणाम जाडीबरोबर गुणाकाराने वाढतो. समजा, ५० मायक्रॉनचा थर शंभरातला एकच हिस्सा खाली जाऊ देत असेल, तर त्याच क्लिअरचा २५ मायक्रॉनचा थर दहा हिस्से जाऊ देईल. जाडी निम्मी, मार दहापट. थिनर वाढवून क्लिअर पुरवणाऱ्या कारागिराची बचत कुठून वसूल होते ते यावरून कळावे. कँडीला हा मार सर्वांत जास्त लागतो. त्यातली छटा बहुधा विरघळलेल्या डायची असते. डायचा प्रत्येक रेणू उघडा पडतो, तर पिगमेंटच्या कणात वरचे रेणू गेले तरी आतले शिल्लक राहतात. म्हणून लाल कँडी फिकी पडते तेव्हा शेजारचा काळा किंवा थॅलोसायनिन निळा तसाच दिसतो. पर्लमधले अभ्रक स्वतः टिकाऊ असते. तिथे बिघडते ते क्लिअरच. रॅपचे उत्पादकही आडव्या भागांसाठी उभ्या भागांपेक्षा बरीच कमी मुदतीची हमी देतात. घात उन्हाचाच, या वरच्या मुद्द्याला याहून रोकडा पुरावा नको.

यावर एक आक्षेप रास्त आहे: कारखान्याचा रंगही कधी कधी सोलतो, मग कस्टम कामालाच का बोल लावावा? उत्तर असे की कस्टम कामात पकडीच्या जागा वाढतात. जुना रंग, पुट्टी, प्रायमर, अस्तर, छटा, क्लिअर या प्रत्येक सांध्यावर घासकाम नीट झाले तरच थर एकजीव होतात. उष्णतेचा खरा अपराध इथे सापडतो, आणि तो घडतो रंग मारतानाच. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या गॅरेजमध्ये फवारलेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा सुकतो, पृष्ठ संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत होते. किंवा वरची साय आधी वाळून खाली अडकलेला थिनर पुढे बुडबुडे काढतो. मंद गतीने उडणारा थिनर आणि पहाटेची वेळ यांनी हे बरेच टळते. दुसरा दावा सिरॅमिक कोटिंगने रंग वाचतो असा. पाणी आणि घाण चिकटू न देण्याचे काम ते चांगले करते, पण ते जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाड असते. पातळ क्लिअरची उणीव त्याने भरून निघत नाही.

देखभालीचा हिशेबही जाडीचाच. पक्ष्यांची विष्ठा उन्हात मऊ झालेल्या क्लिअरवर वाळली की खळगा पडतो, बोअरच्या जड पाण्याचे थेंब क्षारांची वर्तुळे सोडतात आणि कोरडी धूळ फडक्याने पुसली की ओरखडे उठतात. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांजवळ त्या धुळीत राखेचे कणही असतात. हे सारे घालवण्यासाठी केलेली प्रत्येक कटिंग-पॉलिश क्लिअरचे काही मायक्रॉन खरवडून नेते, म्हणून ती सणासुदीला उगाच करून घेऊ नये. चित्रावर किंवा कँडीवर जाड क्लिअर मागून घ्यावे आणि पॉलिशपूर्वी जाडीमापकाने टप आणि बोनेट मोजून घ्यावे. मॅटला पॉलिश मुळीच चालत नाही. घासले की तेवढाच भाग चकाकतो आणि मग ते पॅनेल पूर्ण नव्याने मारावे लागते.